पंधरा पॉइंट मिळतात, पण पाच वर्षांचा पत्ताही ठरतो

प्रश्न थोडक्यात असा. नवरा ३४ वर्षांचा, बी.ई. कॉम्प्युटर, ऐरोलीत सॉफ्टवेअर इंजिनिअर, नऊ वर्षांचा अनुभव. बायको ३१ वर्षांची, बी.एस्सी. बी.एड., ठाण्यातल्या एका माध्यमिक शाळेत सहा वर्षं गणित शिकवते. ऑस्ट्रेलियाला जायचंय. वाशीतल्या एका एजंटाने सांगितलं की वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांवरून व्हिसासाठी जे पॉइंट मोजतात ते नवऱ्याचे ७० होतात, ४९१ व्हिसाचे (मोठ्या महानगरांबाहेर, म्हणजे प्रादेशिक भागात राहण्याच्या अटीवर मिळणारा पाच वर्षांचा व्हिसा) १५ मिळवले की ८५, म्हणजे काम झालंच. राज्य कुठलंही घ्या, वर्षभरात सिडनीला सरकता येतं. आणि थोडे जास्त पैसे भरायची तयारी असेल तर स्पॉन्सर करणारी कंपनीही मिळवून देऊ. मेलबर्नला मावसभाऊ आहे, त्याचा काही उपयोग होईल का, असंही विचारलंय.

यातलं १५ पॉइंटचं तेवढं खरं. बाकीचं तपासून घ्यायला हवं, आणि सिडनीबद्दल जे सांगितलंय ते साफ चुकीचं आहे. नौपाड्यात बसून मी बरीच वर्षं हेच काम करते. ४९१ वर जाऊन छान रुळलेली कुटुंबं पाहिली आहेत आणि अटी न समजता जाऊन हवालदिल झालेलीही. दोन्हींकडे शिक्षण, अनुभव, पॉइंट यांत फारसा फरक नव्हता. राज्य कसं निवडलं आणि अर्ज कोणाच्या नावाने केला, फरक तिथे पडला. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

व्हिसा देतं ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार. पण ४९१ साठी त्याआधी एखाद्या राज्याने किंवा टेरिटरीने तुमचं नाव सुचवावं लागतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. केंद्राच्या अटी सगळ्यांना सारख्या आहेत: निमंत्रण मिळताना वय ४५ च्या आत, व्यवसाय यादीत असणं, स्किल असेसमेंट (शिक्षण आणि अनुभव त्या कामाला पुरेसे आहेत का याची ठरलेल्या संस्थेकडून तपासणी), किमान ठरावीक इंग्रजी आणि नॉमिनेशनचे धरून किमान ६५ पॉइंट. राज्यांच्या अटी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. एखाद्या राज्याला आधीपासून तिथे राहून नोकरी करणारेच हवे असतात, एखादं परदेशातून थेट अर्ज घेतं पण मोजक्याच व्यवसायांचे, कुठे नोकरीचं पत्र मागतात. कॅनबेरा तर अर्जदारांना स्वतःच्या वेगळ्या गुणतक्त्याने मोजतं. शिवाय या अटी वर्षाच्या मधेच बदलतात, कारण प्रत्येक राज्याला १ जुलै ते ३० जून या कार्यक्रम वर्षासाठी ठरावीक जागा मिळतात आणि त्या भरल्या की दार बंद होतं. २०२४–२५ साली कायम स्थलांतराची एकूण मर्यादा १,८५,००० होती आणि प्रादेशिक वर्गाच्या वाट्याला त्यातल्या ३३,००० आल्या होत्या. त्यात अर्जदाराचे नवरा-बायको, मुलंही मोजली जातात, तेव्हा अर्ज म्हणून बघितलं तर संख्या बरीच कमी होते.

नॉमिनेशन म्हणजे नोकरी नव्हे, हेही आत्ताच सांगून ठेवते. राज्य फक्त एवढंच म्हणतं की या कामाची माणसं आम्हाला हवी आहेत. विमानातून उतरल्यावर नोकरी तुमची तुम्हीच शोधायची असते.

आता पॉइंटांचा हिशोब. नवऱ्याचं वय ३३ ते ३९ च्या गटात, त्याचे २५. पदवीचे १५. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ७ मिळाले तर १०. बायकोने चारही भागांत ६ आणले तर तिच्या इंग्रजीचे ५. अनुभव नऊ वर्षांचा म्हणून एजंटाने १५ धरलेत, आणि गडबड तिथेच आहे. आयटीवाल्यांचं असेसमेंट ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते, आणि भारतातून पदवी घेतलेल्या माणसाच्या अनुभवातली सुरुवातीची काही वर्षं ती 'कुशल' होण्यासाठी लागलेली म्हणून वजा करते. पदवी कामाशी जुळणारी असेल तर साधारण दोन वर्षं जातात, नाहीतर जास्त. म्हणजे नऊची झाली सात, आणि पाच ते आठ वर्षांच्या गटाला १० पॉइंट आहेत, १५ नाहीत. बेरीज ६५. राज्याचे १५ धरून ८०.

पाचाचाच तर फरक, असं वाटेल. पण ईओआयमध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचं निमंत्रण मिळावं म्हणून आधी ऑनलाइन भरायच्या इच्छापत्रात, तुम्ही ८५ भरलेत, त्या जोरावर निमंत्रण आलं आणि पडताळणीत ८० च निघाले, तर अर्ज नामंजूर होतो, कारण निमंत्रणात जेवढे पॉइंट होते तेवढे सिद्ध करावेच लागतात. अर्जाची फी सहसा परत मिळत नाही, आणि ती मुख्य अर्जदारालाच ४,९०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात आहे, जोडीदाराची वेगळी. कागदपत्रं खोटी आहेत किंवा माहिती दिशाभूल करणारी आहे असं ठरलं तर तीन वर्षांची बंदी येऊ शकते. फॉर्म एजंटाने भरला, आम्हाला माहीत नव्हतं, हे तिथे चालत नाही. म्हणून असेसमेंटचं पत्र हातात येईपर्यंत ईओआय भरूच नका.

पॉइंट प्रामाणिकपणे वाढवायचा एक मार्ग मराठी माणसाला अगदी जवळचा आहे आणि तरी कमी लोक त्या वाटेला जातात. नाटी या संस्थेची सीसीएल नावाची परीक्षा मराठीतही देता येते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर ५ पॉइंट मिळतात. दवाखाना, बँक, शाळा, कोर्ट अशा ठिकाणचे दोन संवाद असतात. इंग्रजी बोलणं मराठीत आणि मराठी बोलणं इंग्रजीत तोंडी सांगायचं. ९० पैकी ६३ लागतात, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. ऑनलाइन होते, घरून देता येते. घरी मराठी बोलतो म्हणून जमेल असं समजू नका. विम्याचा हप्ता, जामीन, रक्तदाबाच्या गोळ्या यांविषयी न अडखळता मराठीत बोलायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांची सुटलेली असते. दोन-तीन महिने रोज सराव केला तर जमतं.

पण तुमच्या बाबतीत मला याहून महत्त्वाचं काही सांगायचंय. अर्ज नवऱ्याच्याच नावाने का? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जोडप्यांनी हे घरीच ठरवून टाकलेलं असतं, आकडेमोड न करताच. बायकोचा हिशोब मांडून बघा. वय २५ ते ३२ च्या गटात, त्याचे ३०. पदवीचे १५. सहा वर्षं शिकवल्याचे १०, अर्थात कागद पुरेसे असतील तर. इंग्रजीचे १०. आणि नवऱ्याचं असेसमेंट झालेलं असेल, इंग्रजी पुरेसं असेल, तर जोडीदाराच्या कौशल्याचे १०. झाले ७५. राज्याचे १५ मिळाले की ९०. गणिताच्या शिक्षकांची ऑस्ट्रेलियात टंचाई आहे, मोठ्या शहरांबाहेर तर जास्तच, त्यामुळे राज्यांच्या याद्यांतही माध्यमिक शिक्षकांना बरं स्थान असतं. आयटीत मात्र जगभरातून रांग लागलेली असते.

अडचण आहे ती इंग्रजीची. शिक्षकांचं असेसमेंट आयटसल ही संस्था करते, आणि तिला आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये वाचन-लेखनात ७ आणि बोलणं-ऐकण्यात ८ लागतात. हे सोपं नाही. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत शिकवणाऱ्या बाईंना बोलण्यातले ८ पहिल्या खेपेला मिळतातच असं नाही, पण नेट लावला की मिळतात, हे मी पाहिलंय. दुसरं म्हणजे बी.एड. करताना किमान ४५ दिवस देखरेखीखाली वर्गात शिकवल्याचा पुरावा लागतो. गुणपत्रिकेत तो नसतो, कॉलेजकडून वेगळं पत्र आणावं लागतं. कॉलेजं असं पत्र द्यायला वेळ लावतात, म्हणून त्याची मागणी आजच करा. तिथे गेल्यावर शाळेत शिकवायला त्या राज्याच्या शिक्षक नोंदणी मंडळाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. व्हिसा आणि शिकवण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वयाचाही विचार करा. ते निमंत्रण येण्याच्या दिवशी मोजलं जातं. बाईंना ३३ पूर्ण झाली की ३० चे २५ होतात. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण दोन वर्षं टंगळमंगळ करण्याइतका नाही.

आता राज्य. या व्हिसापुरतं सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडली तर जवळजवळ सगळा देश प्रादेशिक धरला जातो. ॲडलेड, पर्थ, कॅनबेरा, होबार्ट, डार्विन, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वॉलंगाँग, जिलाँग, सगळी त्यात येतात. प्रादेशिक म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर ओसाड माळरान येतं, तसं नाही. ॲडलेड आणि पर्थ ही दहा लाखांहून जास्त वस्तीची शहरं आहेत. कुठला भाग बसतो हे पोस्टकोडनुसार ठरतं, म्हणून घर भाड्याने घेण्याआधी तो पोस्टकोड यादीत आहे का ते बघायचं.

राज्य निवडताना लोक कुठे लवकर मिळतंय एवढंच बघतात. मी सांगेन, आधी त्या राज्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती महिनाभर वाचा, दोघांच्याही कामाच्या. ॲडलेडचं उदाहरण घ्या. तिथे संरक्षण क्षेत्रात आयटीचं भरपूर काम आहे, ऑस्बर्नला जहाजबांधणी चालते. जाहिराती बघून उत्साह येतो. पण त्यातल्या पुष्कळ जागांना सुरक्षा तपासणी लागते, आणि ती सहसा ऑस्ट्रेलियन नागरिकांचीच होते. कॅनबेरातल्या सरकारी कामांचंही तेच. म्हणजे ४९१ वर गेलेल्या माणसासाठी त्या अर्ध्याअधिक जागा कागदावरच राहतात. पर्थला खाणींच्या कंपन्यांमुळे आयटी आणि इंजिनिअरिंग दोन्हीला मागणी असते. होबार्ट सुंदर आहे, पण नोकऱ्यांचा बाजार लहान. दोघांपैकी एकाला काम मिळालं आणि दुसरा वर्षभर घरी बसला तर घरात काय होतं ते मी फोनवर पुष्कळदा ऐकलंय. बाईंच्या बाजूने बघितलं तर दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाची मेलबर्नबाहेरची गावं यांकडे मी आधी लक्ष देईन. दोन राज्यांत प्रयत्न करायचा असेल तर प्रत्येकासाठी वेगळा ईओआय भरा.

सिडनीला सरकण्याबद्दल. ४९१ वर ८५७९ क्रमांकाची अट असते: राहणं, काम करणं आणि शिकणं, तिन्ही प्रादेशिक भागातच. पाच वर्षांच्या व्हिसावर ती पहिल्या दिवसापासून लागू असते आणि ती मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. सुट्टीत सिडनी बघायला जायला कोणी अडवत नाही, तिथे नोकरी करता येत नाही. इथे ठाण्याच्या लोकांची एक खास चूक होते. जिलाँग मेलबर्नपासून साधारण पाऊण शे किलोमीटर, तास-सव्वा तासाची गाडी. बदलापूरहून सीएसएमटीला रोज जाणारी माणसं बघत वाढलेल्या आपल्याला वाटतं, जिलाँगला राहू आणि मेलबर्नला नोकरी करू. नाही चालत. घर अटीत बसलं तरी नोकरी बसत नाही. वॉलंगाँग ते सिडनीचंही असंच.

मात्र एक मोकळीक आहे आणि एजंट ती सांगत नाहीत. कायद्याची ही अट संपूर्ण प्रादेशिक ऑस्ट्रेलियासाठी आहे, नॉमिनेशन देणाऱ्या एकाच राज्यापुरती नाही. ॲडलेडला मनापासून शोधूनही काम मिळालं नाही आणि पर्थला मिळालं, तर जाण्याने ८५७९ मोडत नाही. राज्याला तुम्ही तिथेच राहण्याचा शब्द दिलेला असतो. तो पाळायचा प्रयत्न करावा, जमलं नाही तर राज्याला लेखी कळवावं, असं माझं मत आहे. पण या मोकळिकीचा अर्थ 'सोपं राज्य गाठू आणि लगेच निघून जाऊ' असा करू नका. असे लोक वाढले की राज्यं परदेशातल्या अर्जदारांवर अटी वाढवतात, आणि त्याचा भुर्दंड तुमच्यामागून येणाऱ्यांना पडतो.

घर, फोन, ईमेल, पासपोर्ट, नोकरीचं ठिकाण यांतलं काही बदललं की १४ दिवसांत गृह खात्याला कळवायचं, हीसुद्धा व्हिसाचीच अट आहे. आणि ४९१ घेतल्यावर मन बदललं, १८९ किंवा १९० हे थेट कायम व्हिसे घेऊ म्हटलं, तर अपवादात्मक परिस्थिती सोडली तर पहिली तीन वर्षं ते दार बंद असतं. कायम व्हिसाचा रस्ता १९१ मधून जातो. त्यासाठी ४९१ वर किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात, सगळ्या अटी पाळलेल्या असाव्या लागतात आणि तीन आर्थिक वर्षांच्या कर आकारणीच्या नोटिसा द्याव्या लागतात. म्हणून पहिल्या वर्षी मिळेल ते काम करा पण रोखीत करू नका. कर भरल्याची नोंद नसेल तर ते वर्ष १९१ साठी वाया गेलं. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, ४९१ वर मिळते, तेव्हा आजारपणाची फार धास्ती बाळगू नका. विद्यापीठात शिकायचं झालं तर फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची.

हे सगळं १६ नोव्हेंबर २०१९ पासून आलं. त्याआधीच्या व्यवस्थेत प्रादेशिक भागातल्या नोकरीवर थेट कायम व्हिसा मिळायचा आणि पुष्कळ जण तो घेऊन मोठ्या शहरांत निघून जायचे, ही सरकारची तक्रार होती. म्हणून आता कायम व्हिसा शेवटी ठेवलाय. कॅनडातल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका. तिकडे प्रांताचं नॉमिनेशन मिळालं की एक्स्प्रेस एन्ट्री या तिकडच्या पॉइंट पद्धतीत ६०० पॉइंट पडतात आणि थेट पीआरचा अर्ज होतो. इथे तसं नाही.

यासाठीच १९० चाही विचार करा. त्यात राज्याचे ५ च पॉइंट मिळतात, पण व्हिसा पहिल्या दिवसापासून कायम असतो. बाईंचा अर्ज त्यात ८० वर जातो. शिक्षिका म्हणून १९० मिळण्याची थोडी जरी शक्यता दिसली, तर सहा महिने जास्त थांबायची माझी तयारी असेल.

मावसभावाचं. ४९१ ला नातेवाइकाची स्पॉन्सरशिप चालते, तिचेही १५ पॉइंट आहेत, आणि नात्यांची यादी आपल्या कुटुंबाला शोभेल अशी लांब आहे: आईवडील, सख्खी भावंडं, काका, मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबा, चुलत, मामे, आते, मावस भावंडंही. पण तो नागरिक किंवा कायम रहिवासी हवा आणि प्रादेशिक भागात राहणारा हवा. मेलबर्न त्यात बसत नाही. मेलबर्नचे म्हणवणारे काही जण प्रत्यक्षात शहराच्या बाहेर राहतात, म्हणून त्याचा पोस्टकोड विचारून घ्या. नुसता पत्ता बदलून दाखवायला त्याला सांगू नका, पडताळणीत त्याचंही नाव खराब होईल. आणि या मार्गात राज्याऐवजी केंद्राच्या फेरीतून निमंत्रण यावं लागतं. त्यावर भिस्त ठेवू नका.

राहिली पैसे देऊन मिळणारी कंपनी. यावर मला चिडून लिहावंसं वाटतं, कारण ठाणे-नवी मुंबईत यात लोकांनी फ्लॅट गहाण टाकलेत. कंपनीने नोकरी देऊन प्रादेशिक भागात नेण्याचा खरा व्हिसा आहे, त्याचा क्रमांक ४९४. त्यात तीन वर्षांचा अनुभव लागतो, कंपनीला बाजारभावाने पगार द्यावा लागतो, स्थानिक प्रादेशिक संस्थेचा अभिप्राय घ्यावा लागतो, आणि प्रशिक्षण निधीची रक्कम कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं-घेणं हा तिथे गुन्हा आहे, आणि देणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते, त्याचा व्हिसाही जाऊ शकतो. म्हणजे पैसे भरल्यावर फसलात तर तक्रार करायलाही भीती वाटणार, आणि हे लोक नेमके त्याच भीतीवर धंदा करतात. सल्ल्याची फी वेगळी आणि नोकरीची किंमत वेगळी. दुसरीचा उल्लेख झाला की तिथून उठा. एजंट ऑस्ट्रेलियात नोंदलेला असेल तर त्याला सात आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर शोधता येतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्याला अशी नोंदणी सक्तीची नाही, म्हणूनच विचारून घ्या.

कागदांचं काम आत्ता सुरू करा. आयटी कंपन्यांचं एचआर फक्त तारखा आणि हुद्दा लिहून देतं, असेसमेंटला कामाचं वर्णन लागतं. ते देत नसतील तर वरिष्ठ किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, कोर्ट नाक्यावर नोटरीकडे ते होतं, आणि जोडीला पगारपत्रकं, फॉर्म १६, पीएफचं पासबुक ठेवा. शाळेचा पगार काही महिने रोखीत झाला असेल तर तेवढा काळ मोजू नका. बाईंच्या नावाकडे विशेष लक्ष द्या. पदवी माहेरच्या नावावर, नोकरी सासरच्या, पासपोर्टवर तिसरंच रूप, हे आपल्याकडे सर्रास असतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा, म्हणजे मधे प्रश्न येत नाहीत. निमंत्रण आलं की अर्जाला ६० दिवस असतात. पासपोर्ट सेवेतून पोलिस दाखला मिळवताना पत्ता वेगळा निघाला तर त्यातले बरेच जातात, तेव्हा पासपोर्टवरचा पत्ता आधीच दुरुस्त करून घ्या.

एजंटाच्या करारावर सही करायच्या आधी बाईंनी आयईएलटीएसची तारीख घ्यावी आणि बी.एड. कॉलेजला पत्रासाठी अर्ज द्यावा. तिचे ७-७-८-८ आले तर अर्ज तिच्या नावाने करा. नाही आले तर नवऱ्याचा ६५ चा हिशोब आणि नाटीची परीक्षा हातात आहेच.